शेवटच्या बादलीपर्यंत ऊन पाणी

मालवण-वेंगुर्ले किनारपट्टीवरील घरांत एका पिढीपूर्वी पाणी तापविण्याची व्यवस्था डोळ्यांना दिसणारी होती. न्हाणीघरातील चुलीवर तांब्याचा हंडा चढे. खाली नारळाची सोडणे, करवंट्या आणि वाळक्या झावळ्या जळत. हंड्यात पाणी किती उरले, हे वाकून पाहिले की कळे. आज त्या जागी भिंतीवरचा गिझर किंवा छपरावरचा सौर बंब आला आहे. धूर गेला, सरपणासाठीची वणवण, जी बहुधा घरातील स्त्रिया व मुलींच्याच वाट्याला येई, तीही कमी झाली. परंतु साठा डोळ्यांआड गेल्यामुळे एक नवी तक्रार घरोघरी ऐकू येते : शॉवर सुरू करून दोन-तीन मिनिटे होत नाहीत तोच पाणी गार होते. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी आता स्वतःची घरे बांधली आहेत. त्यांना आणि पालकांना उपयोग व्हावा, म्हणून या तक्रारीची कारणे आम्ही येथे क्रमाने मांडीत आहोत.

भगवान बुद्धांनी दुःखाचा विचार करताना आधी कारण शोधण्यास शिकविले. यंत्राच्या बाबतीतही तीच रीत हिताची आहे. कारण न शोधता नवा गिझर आणणे म्हणजे पुष्कळदा जुनाच दोष नव्या किमतीला विकत घेणे होय.

पहिला प्रश्न साठ्याचा. घरगुती गिझर बहुधा १५ किंवा २५ लिटरचा असतो. आपल्याकडील टाकीतले पाणी साधारण २७ अंश सेल्सिअसचे धरले आणि अंगाला सोसेल असे पाणी ४० अंशांचे धरले, तर ६० अंशांपर्यंत तापलेल्या १५ लिटर पाण्यात विसण घालून हिशेबाने सुमारे ३८ लिटर स्नानाचे पाणी होते. प्रत्यक्षात ऊन पाणी बाहेर पडत असतानाच खालून गार पाणी टाकीत शिरते व थोडे मिसळते. म्हणून सुमारे ३० लिटरच हाती लागते असे समजावे. म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या. आता शॉवरखाली तीच बादली ठेवून घड्याळ लावावे. ती दीड मिनिटात भरली, तर शॉवर मिनिटाला १० लिटर पाणी सोडतो आणि गिझरचे ऊन पाणी तीन मिनिटांत संपणारच. हा बिघाड नव्हे, हे गणित आहे. त्यावर उपाय दोन : कमी पाणी सोडणारा शॉवर बसविणे, किंवा बादली-तांब्याने स्नान करणे.

दुसरा प्रश्न तापमानाचा. वीज वाचविण्याच्या हेतूने कित्येक घरांत थर्मोस्टॅट ४५ अंशांवर ठेवलेला असतो. तेवढ्या पाण्यात विसण फारसे घालता येत नाही. १५ लिटरचे हिशेबाने जेमतेम २१ लिटर होतात. तोच थर्मोस्टॅट ६० अंशांवर नेला की स्नानाचे पाणी जवळजवळ दुप्पट होते. मात्र ६० अंशांचे पाणी लहान मुलांची कातडी काही सेकंदांत भाजू शकते. म्हणून बादलीत आधी गार पाणी घ्यावे आणि मग ऊन पाणी सोडावे, ही सवय घरात सर्वांना लावावी.

तिसरा प्रश्न वेळेचा. दोन किलोवॉटचा गिझर १५ लिटर पाणी २७ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे १७ मिनिटे घेतो. २५ लिटरला सुमारे २९ मिनिटे लागतात. एकामागून एक स्नान करताना मध्ये तेवढा अवधी दिला नाही, तर दुसऱ्याच्या वाट्याला कोमट पाणी येते. त्यात गावाकडील कमी दाबाच्या विजेची भर पडते. तापविण्याची शक्ती विजेच्या दाबाच्या वर्गाप्रमाणे घटते. २३० व्होल्टच्या जागी १८० व्होल्ट आले, तर गिझर आपल्या शक्तीच्या सुमारे ६१ टक्केच काम करतो आणि १७ मिनिटांची २८ मिनिटे होतात. सायंकाळी सर्व घरांतील दिवे-पंखे चालू असताना गिझर मंद वाटतो आणि मध्यरात्री तोच चपळ होतो, याचे मर्म बहुधा येथेच असते.

चौथा प्रश्न पाण्याच्या वाटेचा. गिझरला गार पाणी देणारी नळी बहुधा निळ्या खुणेची व ऊन पाणी काढणारी लाल खुणेची असते. जोडताना त्यांची अदलाबदल झाली, तर गार पाणी टाकीच्या वरच्या भागात शिरते आणि तळाचे गार पाणीच आधी बाहेर येते. नव्या घरात पहिल्या दिवसापासून ही तक्रार असेल, तर प्रथम या जोडण्या पाहाव्यात. आणखी एक साधी परीक्षा आहे. गिझरची वीज बंद करावी, गिझरकडे जाणारा गार पाण्याचा कॉक बंद करावा आणि ऊन पाण्याचा नळ उघडावा. क्षणभरात धार थांबली पाहिजे. ती वाहतच राहिली, तर एखाद्या मिक्सरमधून गार पाणी ऊन पाण्याच्या नळीत चोरवाटेने शिरत आहे. मिक्सरची जीर्ण काडतुसे बदलली की असा दोष जातो; गिझरला हात लावावाही लागत नाही.

पाचवा प्रश्न गिझरच्या पोटाचा, आणि तो आपल्या किनाऱ्यावर विशेष महत्त्वाचा आहे. खाडीलगतच्या विहिरींचे पाणी चैत्र-वैशाखात मचूळ होते. पाण्यात विरघळलेले क्षार तापताना कॉइलवर थराच्या रूपाने बसतात आणि झडून तळाशी साठतात. थर जाड झाला की कॉइलची उष्णता पाण्यापर्यंत सहज पोहोचत नाही. कॉइल स्वतः अती तापून जळते. तळचा गाळ टाकीतील जागाही खातो. खारेपणा लोखंडी टाकीला गंजवितो. त्यासाठी पुष्कळ गिझरमध्ये मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते व टाकीला वाचविते. ती झिजून संपल्यावर टाकीची पाळी येते, म्हणून वर्षातून एकदा गिझर उघडून थर काढून घ्यावा आणि कांडी तपासावी. टाकीच्या आत वरच्या टोकापर्यंत गेलेली ऊन पाण्याची नळी तडकली असेल, तरीही गार पाणी मिसळते. तेही त्याच वेळी पाहून घ्यावे. हे काम जाणकार कारागिराकडूनच करवून घ्यावे. अर्थिंग नसलेला गिझर वापरू नये, विद्युतगळती होताच वीज तोडणारे आरसीसीबी बसवावे आणि गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्याला बूच मारू नये. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर तर कदापि लावू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणसाला सावध होण्याची संधीच मिळत नाही.

सौर बंबाचे कारण पुष्कळदा छपरावर चढल्याशिवाय दिसत नाही. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो. डिसेंबरमध्ये तो दक्षिणेकडे कलतो, आणि उन्हाळ्यात न पडणारी माडाची सावली त्या दिवसांत नेमकी काचेच्या नळ्यांवर येते. नळ्यांवर धूळ व खाऱ्या वाऱ्याचे पापुद्रे जमतात. ते धुवावे लागतात. सायंकाळी बरेच पाणी काढले की तितके गार पाणी टाकीत शिरते व रात्रभर तसेच राहते. सकाळचा साठा त्याने निवतो. नळीची लांबीही पाहावी. एक इंची नळीत दर मीटरला सुमारे अर्धा लिटर पाणी मावते. ३० मीटर नळी असेल, तर पहिली १५ लिटरची बादली गारच यायची. ती गटारात न सोडता कपड्यांना किंवा परसातील झाडांना द्यावी. नळीवर उष्णतारोधक वेष्टन घातले, तर मागाहून येणाऱ्यांचे पाणी वाटेत निवत नाही. पावसाळ्यात मात्र आभाळ झाकलेले असते. तेव्हा विजेची जोड लागतेच.

येथवर घराचे झाले. वसतिगृहात हाच प्रश्न न्यायाचा होतो. समजा, ३०० लिटरच्या टाकीत पाणी ६० अंशांवर आहे. गार पाणी मिसळण्याची तूट वजा जाता त्यातून १५ लिटरच्या सुमारे ४० बादल्या होतात. प्रत्येकाने एक घेतली तर ४० मुलांचे स्नान होते. आधी आलेल्यांनी दोन-दोन घेतल्या तर २० जणांतच साठा संपतो. मागे राहतात ती बहुधा सर्वांत लहान मुले, नाहीतर आजारातून उठलेली.

विनयपिटकात याच स्वरूपाची एक कथा आहे. राजगृहाजवळ तपोदा नावाचे उष्ण पाण्याचे स्थान होते. तेथे स्नानाला आलेला बिंबिसार राजा भिक्खूंचे स्नान आटोपण्याची वाट पाहत थांबला. भिक्खू अंधार पडेपर्यंत स्नान करीत राहिले. हे कळल्यावर बुद्धांनी मर्यादेविना स्नान करण्याचा दोष दाखविला आणि स्नानाला मर्यादेचा नियम घालून दिला. पुढे उन्हाळा, आजारपण, श्रम, प्रवास आणि वारा-पाऊस अशा प्रसंगी सवलती दिल्या. अवंती-दक्षिणापथासारख्या दूरच्या प्रदेशातील भिक्खूंना नित्य स्नानाचीही मुभा दिली. नियम होता, पण तो माणसाची गरज ओळखणारा होता. मर्यादा आणि करुणा एकत्र कशा नांदतात, याचे याहून साधे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले. पाणी कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या येत नाही, हा प्रश्न त्या दिवसापासून आपल्या समाजाच्या जाणिवेचा भाग झाला आहे. म्हणून वसतिगृहांसाठी आमची सूचना साधी आहे. टाकीवर तापमापक लावावा. दर सकाळी किती बादल्या निघतील, हे मोठ्या मुलांकडूनच गणित करवून फळ्यावर लिहावे. स्नानाची पाळी रोज फिरवावी. काल शेवटी असलेला आज पहिला यावा. आजारी मुलासाठी एक बादली आधीच बाजूला काढावी. माजी विद्यार्थ्यांना देणगी द्यावयाची असेल, तर नव्या यंत्राआधी वर्षाच्या देखभालीचा खर्च उचलावा. थर काढलेली जुनी टाकी पुष्कळदा नवीइतकेच काम देते.

व्यवस्था चांगली आहे की नाही, हे पहिल्या बादलीवरून कळत नाही. ते शेवटच्या मुलाच्या बादलीत हात घातल्यावर कळते.

नमो बुद्धाय! जय भीम!