रापणीचा वाटा आणि किनाऱ्याचा हक्क

मालवण तालुक्यात तोंडवलीचं सुरूचं बन मागे टाकून दक्षिणेला निघालं की जमीन निमुळती होत जाते आणि तळाशीलला संपते. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गडनदीची खाडी, मधे वाळूच्या पट्टीवर माड आणि मच्छीमारांची घरं. इथे राहणाऱ्याला राजकारणापासून अलिप्त राहताच येत नाही. किनारा किती खचला, मासळी किती लागली आणि आपल्या जमिनीवर कोणाचा डोळा आहे, या तीन गोष्टींची चौकशी रोजच होते.

पुरोगामी राजकारण म्हटलं की पुण्या-मुंबईची सभागृहं आणि नियतकालिकं आठवतात. या किनाऱ्याचा इतिहास वेगळा आहे. इथल्या राजापूर मतदारसंघाने 1957 मध्ये बॅरिस्टर नाथ पै यांना लोकसभेत पाठवलं. पुढे 1971 पासून मधु दंडवते सलग पाच वेळा निवडून आले. ही समाजवादी परंपरा इथे रुजली. मला वाटतं, त्याचं एक कारण रापणीत आहे.

रापण म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ते एकट्याने ओढता येत नाही. होडी जाळं सोडत समुद्रात मोठा फेर घेते आणि पुन्हा काठाला येते. मग दोन्ही टोकांचे दोर माणसं वाळूत पाय रोवून ओढतात. मासळीचे वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. बायका पाट्या भरून बाजार गाठतात. पण रापण मासळीच्या मागे जाऊ शकत नाही, मासळीनेच किनाऱ्याकडे यावं लागतं. बांगड्याचा किंवा तारलीचा थवा पर्ससीनच्या जाळ्याने बाहेरच वेढून उचलला, तर काठावरचे दोर रिकामे येतात, आणि त्या दिवशी बाजारातली पाटीही रिकामी राहते.

हा झगडा जुना आहे. गोव्यात 1970 च्या दशकात यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध रापणकार उभे राहिले, माथानी साल्ढाणा त्यांच्या पुढे होते. तिथे 1980 मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला, महाराष्ट्रात 1981 मध्ये. तरीही पर्ससीन वाढत गेलं. डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 5 फेब्रुवारी 2016 रोजी राज्य सरकारने आदेश काढला: पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा, आणि परवाने टप्प्याटप्प्याने कमी करत 182 पर्यंत आणायचे. पारंपरिक मच्छीमारांनी रस्त्यावर उतरून मिळवलेला हा आदेश आहे. मात्र समुद्रात गस्त नसेल, तर तो कागदावरच राहील.

जमिनीचा प्रश्न तेवढाच जिव्हाळ्याचा. तोंडवली-वायंगणीत सी-वर्ल्ड हा पर्यटन प्रकल्प उभारायचं सरकारने ठरवलं. सुरुवातीला सुमारे 1,390 एकर जमीन लागणार होती. विरोध वाढला तेव्हा आकडा 350 एकरांवर आला. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून 1997 मध्येच जाहीर झाला होता, आणि पर्यटकांचं इथे कोणाला वावडं नाही. कित्येक घरांनी न्याहारी-निवासाची सोय केली आहे. माणसं विचारत होती ते एवढंच, की माड, काजू, भातजमीन देऊन आपण त्या प्रकल्पात कोण म्हणून उरणार? वायंगणीत गावपळणीची प्रथा आहे. देवाच्या कौलाने अख्खं गाव गुरावासरांसह वेशीबाहेर राहायला जातं आणि कौल मिळाला की परततं. तिथली माणसं भूसंपादनाच्या नोटिशीला सहजासहजी मान तुकवणार नव्हती. जमीन देऊन जाण्याला परतीचा कौल नव्हता.

आता नवी चिंता सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांची. 2011 च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटर बांधकामबंदी होती. 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या, म्हणजे चौरस किलोमीटरला 2,161 हून अधिक लोकसंख्येच्या भागात ती 50 मीटरवर आणली. मच्छीमाराला घर वाढवायला ही सवलत हवीच आहे. पण त्याच सवलतीतून हॉटेलही किनाऱ्याला येऊन टेकू शकतं. म्हणून नकाशे महत्त्वाचे. रापण कुठे ओढतात, जाळी कुठे सुकतात, होड्या कुठे लागतात, हे किनारा व्यवस्थापनाच्या आराखड्यावर ठळक उमटलं पाहिजे, आणि ते नकाशे मराठीत, ग्रामसभेपुढे, आक्षेपांची मुदत संपण्याच्या पुरेसे आधी मांडले गेले पाहिजेत.