फॉर्मॅट मारण्यापूर्वी...

संगणक ही चैनीची वस्तू राहिलेली नाही, हे वाक्यही आता जुने झाले. पनवेल, नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे या भागांतील कितीतरी घरांत मुलांचे प्रकल्प, सोसायटीचे हिशेब, प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि दहा-पंधरा वर्षांची छायाचित्रे एकाच डेस्कटॉप संगणकात साठवलेली असतात. एरवी मोबाइलवर भागते. पण मोठा अर्ज भरायचा झाला किंवा ताळेबंद करायचा झाला, की संगणकाची आठवण होते आणि नेमका त्याच दिवशी तो सुरू होत नाही. मग ओळखीच्या दुकानातून कुणीतरी येतो, पाच मिनिटे पाहतो आणि सांगतो, ‘फॉर्मॅट मारावा लागेल.’ तासा-दोन तासांत संगणक नव्यासारखा पळू लागतो. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली गेल्या, हे मात्र दुसऱ्या दिवशी कळते.

फॉर्मॅट हा रामबाण उपाय खरा. पण तो सर्वांत शेवटचा उपाय आहे. नेहमीच्या तक्रारींपैकी बऱ्याच त्याआधीच मिटू शकतात. त्यासाठी संगणकाचे शिक्षण लागत नाही. बिघाड नेमका कोणत्या टप्प्यावर आहे, एवढे ओळखता आले की पुरे.

गाडी कुठे अडली?

बटण दाबल्यापासून आपण काम सुरू करेपर्यंत संगणक चार स्थानके पार करतो. प्रथम वीज यंत्राच्या सर्व भागांना पोहोचते. नंतर मदरबोर्डवरील मूळ आज्ञावली, जिला बायोस किंवा यूईएफआय म्हणतात, ती स्मृती (रॅम), कीबोर्ड आणि डिस्क यांची हजेरी घेते. तिसऱ्या टप्प्यात डिस्कवरील विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टिम स्मृतीत चढते. शेवटी आपले नाव-पासवर्ड स्वीकारून आपले प्रोग्रॅम सुरू होतात. गाडी ज्या स्थानकावर अडली, त्याच्या आसपासच बिघाड शोधायचा. पडद्यावर विंडोजचे चिन्हही उमटले नसेल, तर विंडोज नव्याने टाकून उपयोग होण्याची शक्यता कमी; आणि सगळे सुरू होऊन केवळ प्रिंटर चालत नसेल, तर रॅम बदलण्याचे कारण नाही.

दिवाही लागत नसेल तर

सॉकेट, केबल, यूपीएस हा क्रम सोडू नये. यूपीएसची बॅटरी काही वर्षांत दम तोडते आणि दोष मात्र संगणकाला लागतो. अशा वेळी यूपीएस वगळून संगणक थेट भिंतीवरील सॉकेटला जोडून पाहावा. पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो किंवा बीप-बीप आवाज येतो, अशी तक्रार आपल्याकडे पावसाळ्यात विशेष आढळते. दमट हवेने रॅमच्या पट्टीच्या टोकांवर थर बसतो. वीजजोडणी पूर्ण काढून, पट्टी बाहेर घेऊन तिची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा घट्ट बसवणे, हा दुकानदारांचा जुना आणि गुणकारी उपाय आहे. हात धजत नसेल तर हे काम दुकानातूनच करून घ्यावे. परंतु ‘आधी रॅम साफ करून पाहा,’ एवढे आपण सांगू शकतो.

आणखी एक फसवे लक्षण म्हणजे घड्याळ. संगणक प्रत्येक वेळी जुनीच तारीख दाखवतो आणि बँकेची संकेतस्थळे ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असे म्हणतात. अनेकांना हा व्हायरसचा प्रताप वाटतो. वास्तविक संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते आणि चुकीच्या तारखेच्या संगणकाला ती मुदत जुळत नाही. मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही छोटी बटण-बॅटरी संपली की असे होते. ती बदलली की प्रश्न मिटतो.

डिस्क सापडत नाही

‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर आधी संगणकाला लावलेला पेन ड्राइव्ह काढावा. संगणक कधी कधी त्यातच विंडोज शोधत बसतो. पेन ड्राइव्ह नसेल तर डिस्कची केबल सैल झालेली असू शकते. मात्र जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून ‘टक्-टक्’ असा आवाज येत असेल, तर संगणक ताबडतोब बंद करावा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह इथे महागात पडतो. मरणपंथाला लागलेल्या डिस्कचा प्रत्येक फेरा तिच्यातील मजकूर आणखी खरवडू शकतो.

विंडोज अर्ध्यावर थांबते

हा सर्वांत घाबरवणारा प्रकार. निळा पडदा (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तो काळा झाला), त्यावर काही अक्षरे आणि पुन्हा पुन्हा रीस्टार्ट. या पडद्यावरील मजकुराचे मोबाइलने छायाचित्र काढून ठेवावे. तोच बिघाडाचा पंचनामा असतो. मग स्वतःला एकच प्रश्न विचारावा, ‘काल आणि आज यांत नवीन काय घडले?’ नवा प्रिंटर, नवा प्रोग्रॅम, रात्रीत झालेले अपडेट, यांपैकी काहीतरी बहुधा निघतेच.

१९ जुलै २०२४ रोजी जगभर हेच घडले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीचे एक सदोष अपडेट वितरित झाले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. या महासंकटावरचा उपाय मात्र घरगुती होता. संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करायचा, ती सदोष फाइल पुसायची आणि रीस्टार्ट करायचा.

सेफ मोड म्हणजे केवळ आवश्यक भागांनिशी चालणारे विंडोज. विंडोज लागोपाठ दोन-तीन वेळा सुरू होऊ शकले नाही, की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तेथे ‘ट्रबलशूट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असे जाऊन रीस्टार्टनंतर ४ हा आकडा दाबावा. संगणक सेफ मोडमध्ये नीट चालला, तर यंत्र बहुधा धडधाकट आहे आणि दोष नव्या प्रोग्रॅममध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे असे समजावे. तो काढून टाकावा. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्येच शेवटचे अपडेट काढण्याची आणि ‘सिस्टिम रीस्टोअर’ने काही दिवस मागे जाण्याचीही सोय असते. ‘रीसेट’ करताना ‘कीप माय फाइल्स’ निवडल्यास आपल्या फाइली राहतात, प्रोग्रॅम मात्र पुन्हा टाकावे लागतात.

येथे एक इशारा आवश्यक आहे. अलीकडच्या अनेक संगणकांत डिस्कवरील मजकूर बिटलॉकर पद्धतीने कुलूपबंद असतो आणि दुरुस्तीच्या वेळी ४८ अंकी किल्ली मागितली जाते. घरगुती संगणकाची ती किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. संगणक ठणठणीत असतानाच ती कागदावर उतरवून ठेवावी. ती हरवली, तर निष्णात तंत्रज्ञही हात टेकतो.

चालतो, पण रखडतो

‘मी तर रोज शटडाउन करतो,’ असे सांगणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शटडाउन केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपला जातो आणि कालचा गोंधळ आज पुन्हा जागा होतो. रीस्टार्टमध्ये मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. म्हणून रखडणाऱ्या संगणकाला आधी ‘रीस्टार्ट’ द्यावे. त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा. कोणता प्रोग्रॅम स्मृती आणि डिस्क अडवून बसला आहे, ते तेथे दिसते. ‘स्टार्टअप’ यादीतील अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत, सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर मोकळा करावा आणि एकाच संगणकात दोन अँटिव्हायरस नांदवू नयेत. यंत्र जुने असून फिरत्या हार्ड डिस्कवर चालत असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो, तो दहा वेळा फॉर्मॅट करूनही पडत नाही.

मराठी अक्षरे बिघडतात तेव्हा

फॉर्मॅटनंतरची एक खास आपल्याकडची तक्रार. वर्षानुवर्षे मराठीत टाइप केलेली पत्रे, इतिवृत्ते उघडली की अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा सडा दिसतो. फाइल खराब झाली समजून ती पुसणारेही आहेत. ती खराब झालेली नसते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. फॉर्मॅटमध्ये फाँट पुसला गेला, की मुखवटा गळून खालचे इंग्रजी अक्षर दिसू लागते. तोच फाँट पुन्हा टाकला की मराठी परत येते. पुढच्या काळासाठी असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवणे शहाणपणाचे.

दुरुस्तीच्या नावाने दरोडा

‘आपल्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा,’ असे सांगणारा, कर्कश आवाज करणारा पडदा अचानक समोर आला तर फोन करू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या संदेशात फोन क्रमांक नसतो. ब्राउझर बंद करावा, न जमल्यास संगणक रीस्टार्ट करावा. अनोळखी व्यक्तीच्या सांगण्यावरून दूरस्थ नियंत्रणाचा प्रोग्रॅम टाकणे म्हणजे घराच्या किल्ल्या हवाली करणे होय. पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

बंदराने शिकवलेला धडा

फाइलींची दुसरी प्रत का हवी, याचा दाखला पनवेलकरांच्या दाराशीच आहे. पळस्पे फाट्यावरून जेएनपीटीकडे जाणारी कंटेनरची रांग आपल्या रोजच्या पाहण्यातली. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाची विध्वंसक आज्ञावली जगभर पसरली आणि जेएनपीटीतील, मर्स्क समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे संगणक ठप्प झाले. कंटेनरची कामे हाताने करण्याची वेळ आली. ही आज्ञावली पडद्यावर ‘सी ड्राइव्हची दुरुस्ती चालू आहे, संगणक बंद करू नका’ असे सांगत असे आणि त्या आडून डिस्क निकामी करत असे. तिच्या प्रसाराचा एक मार्ग विंडोजमधील अशी उणीव होती, जिच्यावरचे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिले होते. ‘अपडेट नंतर करू’ असे म्हणण्याची किंमत यावरून कळावी.

मर्स्कने पुढे सुमारे दहा दिवसांत ४५ हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर नव्याने उभे केले. जगातला बहुधा सर्वांत मोठा फॉर्मॅटच तो! पण यंत्रे उभी करणे सोपे होते. सर्व संगणकांची ओळख आणि परवानग्या सांभाळणारी मध्यवर्ती नोंद बहुतेक सर्व्हरवरून पुसली गेली होती. तिची एक प्रत आफ्रिकेतील घाना येथील कार्यालयात शाबूत सापडली. कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. एवढ्या बलाढ्य कंपनीला खंडित विजेने तारले.

आपण मात्र योगायोगावर विसंबू नये. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम झाले की ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. तुटलेली प्रतच हल्ल्यातून वाचते. दुसरी प्रत इंटरनेटवरील साठ्यात किंवा नातेवाइकाच्या घरी असावी. विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ पासून सरसकट मिळेनाशी झाली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ ही वाढीव मुदत जाहीर झाली. जुन्या संगणकांवर विसंबून असलेल्यांनी तर प्रत घेण्यास उशीर लावू नये.

फॉर्मॅटची वेळ आलीच, तर दुकानदाराच्या हाती संगणकासोबत एक यादी द्यावी. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि छायाचित्रे हे सारे बहुतेक संगणकांत सी ड्राइव्हवरच असते, हे अनेकांच्या ध्यानात नसते. त्याशिवाय टॅलीचा डेटा, ई-मेलची साठवण, ब्राउझरमधील पासवर्ड आणि मराठी फाँट यांची नोंद करावी. विंडोज सुरूच होत नसेल, तरी लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून संगणक चालू करून किंवा डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून फाइली काढता येतात. ‘आधी डेटा काढा,’ असे ठामपणे सांगावे. चुकून फॉर्मॅट झालाच, तर संगणक तत्काळ बंद करावा. फिरत्या डिस्कवरील मजकूर नवीन लिखाण होईपर्यंत परत मिळू शकतो. एसएसडीवर मात्र ती आशा फारच थोडी.

विंडोज पुन्हा टाकता येते, डिस्क नवी मिळते, सबंध संगणकही विकत आणता येतो. आजीच्या आवाजातील ध्वनिफीत मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. संगणक आज सुरळीत चालू असेल, तर तिची प्रत घेण्यास आजच्याइतका चांगला दिवस दुसरा नाही.