खेळणी भाड्याने देण्याचा व्यवसाय: निलंग्यासारख्या शहरात गणित कुठे अडतं?

महागडं खेळणं घरात आलं की मूल आठवडाभर खेळतं, मग ते माळ्यावर जातं. मग विकत घेण्यापेक्षा भाड्याने का नको? कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये १९३५ पासून मुलांना खेळणी उसनी दिली जातात. पण लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी हा धंदा करायचा तर अडचणी वेगळ्या आहेत.

पैसे कधी वसूल होतात?

समजा, १,५०० रुपयांचं खेळणं आठवड्याला १०० रुपये भाड्याने दिलं. ने-आण आणि स्वच्छतेचे ४० रुपये वजा केले तर हातात ६० उरतात. म्हणजे भांडवल सुटायला २५ आठवडे. खेळणं निम्मा वेळ दुकानातच पडून राहिलं, तर जवळपास वर्ष. तोवर एखादा तुकडा हरवला, की संपूर्ण सेट बाद. डिपॉझिट जास्त ठेवलं तर गिऱ्हाईक येत नाही, कमी ठेवलं तर तूट मालकाच्या माथी.

आयएसआय चिन्ह भाड्यालाही लागतं का?

हो. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. बीआयएस कायदा, २०१६ नुसार चिन्ह नसलेला असा माल विकता येत नाही, तसाच भाड्यानेही देता येत नाही. त्यामुळे आठवडी बाजारातला स्वस्त माल घेऊन धंदा सुरू करणं धोक्याचं.

धुवायला पाणी कुठून आणायचं?

लहान मुलं खेळणी तोंडात घालतात. म्हणून प्रत्येक फेरीनंतर ती साबणाने धुऊन उन्हात वाळवावी लागतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात पाण्याचा खर्च हिशेबात धरायलाच हवा. कापडी खेळणी वाळायला वेळ लागतो, ती सुरुवातीला टाळलेली बरी.

गिऱ्हाईक कोण?

मोठ्या भावंडांची, आत्ये-मामेभावांची खेळणी फुकट मिळत असताना दरमहा वर्गणी कोण भरेल, हा खरा प्रश्न. मात्र वाढदिवसाला हवेचा जंपिंग मिकी माऊस भाड्याने आणणं लोकांच्या सवयीचं झालंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी आलेल्या नातवंडांसाठी महिनाभराची सायकल, शिशुवर्गांसाठी घसरगुंडी, अशी मागणीही शोधता येते.

कागदपत्रं किती?

दहापेक्षा कमी कामगार असतील तर दुकाने कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी मोफत आहे. मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळू शकतं.

थोडक्यात, परवान्यांपेक्षा रोजचा हिशेबच अवघड आहे. म्हणून आधी आठ-दहा दणकट, सुट्या तुकड्यांची नसलेली, चिन्ह असलेली खेळणी घेऊन एक सुट्टीचा हंगाम काढून बघावा. कुठलं खेळणं किती वेळा बाहेर गेलं, हे वहीत लिहून ठेवावं. कर्जाचा विचार त्यानंतर.