परतीची वाट

विद्युत मंडलाच्या आकृतीत एक लहानसे चिन्ह असते : खाली आखूड होत गेलेल्या तीन आडव्या रेघा. हे ‘ग्राउंड’. एकाच आकृतीत ते शेकडो ठिकाणी दिसते. पाहणाऱ्याचा समज होतो, की एका चिपमधून निघालेला संदेश दुसऱ्या चिपपर्यंत पोचला की संपले. उरलेले ते चिन्ह पोटात घेते. सर्किट बोर्ड तपासण्याच्या माझ्या कामात सर्वांत जास्त छळ या निरुपद्रवी चिन्हानेच मांडला आहे. जेवढा प्रवाह गेला तेवढा परत यावाच लागतो, आणि परतीची वाट आकृतीत कुणी काढत नाही.

या विसरण्याला जुनी परंपरा आहे. १८३८ साली म्युनिकमध्ये श्टाइनहाइल यांनी दाखवले, की तारायंत्राला दोन तारा लागत नाहीत; दुसरीचे काम जमीन करते. निम्मी तार वाचली. पुढे टेलिफोनला ही बचत अंगलट आली. विजेच्या ट्रामचा प्रवाहही रुळांतून पाझरून त्याच जमिनीतून परतत होता, आणि त्याची गुरगुर थेट ऐकणाऱ्याच्या कानात! शेवटी टेलिफोनला परतीची स्वतंत्र तार द्यावी लागली.

बोर्डावरची जमीन म्हणजे तांब्याचा सलग पातळ थर, आमच्या भाषेत ‘प्लेन’. नेहमीच्या चार थरांच्या बोर्डात वर संदेशांचे ट्रॅक, त्याखाली ग्राउंडचा प्लेन, मग वीजपुरवठ्याचा, आणि तळाशी पुन्हा ट्रॅक. प्रवाह कमीत कमी रोधाच्या वाटेने जातो, असे आपण शाळेत शिकतो. एकदिश प्रवाहाला ते लागू आहे. तो प्लेनवर ऐसपैस पसरतो. पण कंप्रता शेकडो किलोहर्ट्झच्या पुढे गेली, की रोधापेक्षा प्रवर्तकत्वाचा अडथळा मोठा ठरतो. जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रवाहांनी वेढलेले क्षेत्रफळ जितके जास्त, तितका हा अडथळा जास्त. म्हणून परतीचा प्रवाह ट्रॅकच्या बरोबर खालून चालतो. ट्रॅक वळला की तोही वळतो. दोहोंत ०.२ मिलिमीटर अंतर असेल, तर सुमारे ८० टक्के प्रवाह ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना ०.६ मिलिमीटरच्या आत राहतो. सारा प्लेन मोकळा असताना! मला याचे अजून नवल वाटते.

ॲनालॉग आणि डिजिटल भाग एकमेकांना बाधू नयेत म्हणून ग्राउंड मधोमध कापण्याची चाल आहे. मला ती बहुतेक वेळा घातक वाटते. रुग्णाच्या उशाशी ठेवायच्या एका यंत्राचा बोर्ड उत्सर्जन चाचणीत नापास होऊन माझ्याकडे आला. त्यात अशीच चीर होती आणि क्लॉकचा ट्रॅक तिच्यावरून गेला होता. परतीचा प्रवाह चिरेच्या टोकाला वळसा घालत होता. त्या वळशाचाच अँटेना झाला होता. चीर बुजवली, दोन्ही भागांतले घटक आपापल्या बाजूला ठेवले, आणि बोर्ड चाचणीत पास झाला.

थर बदलताना गुंता वाढतो. १०० मेगाहर्ट्झला प्रवाह तांब्यात जेमतेम ७ मायक्रॉन शिरतो आणि तांबे असते ३५ मायक्रॉन जाड. म्हणजे एकाच प्लेनची वरची व खालची बाजू प्रवाहाच्या लेखी निराळ्या. ट्रॅक ‘व्हाया’तून, म्हणजे आतून तांब्याचा मुलामा दिलेल्या छिद्रातून, एकाच प्लेनच्या पलीकडे गेला, तर परतीचा प्रवाह त्या छिद्राभोवतीच्या मोकळ्या कड्याच्या काठावरून बाजू बदलतो. पण चार थरांच्या बोर्डात ट्रॅक वरून तळाशी गेला, की त्याचा सोबती प्लेनही बदलतो : आधी ग्राउंड, आता वीजपुरवठा. या दोहोंना धातूने जोडता येत नाही. जवळ कपॅसिटर असेल तर प्रवाह त्यातून जातो. नसेल तर दोन प्लेनच्या मधल्या पोकळीत लहरी पसरतात आणि वाटेतल्या दुसऱ्या व्हायांवर गोंगाट चढवतात. दोन्ही प्लेन ग्राउंडचे असतील, तर शेजारी त्यांना जोडणारा एक व्हाया पुरतो. त्याला खर्च जवळजवळ नाहीच.

म्हणून बोर्ड हाती आला की मी संगणकावर आधी ट्रॅकचे थर झाकतो आणि नुसते प्लेन पाहतो. कनेक्टरखाली छिद्रांची ओळ इतकी दाट असते, की मोकळी कडी एकमेकांत मिसळून एक लांब चीर तयार होते. ती कुणी मुद्दाम काढलेली नसते, त्यामुळे कुणाच्या यादीतही नसते.