कुलूप दाराला, राखण शेजाऱ्याची

दसऱ्याच्या आदल्या रात्री यवतमाळ जिल्ह्यातल्या बौद्ध वस्त्या निम्म्या रिकाम्या होतात. पुसद असो, दिग्रस असो, वणी असो, घाटंजी असो, एस.टी., जीप, टेम्पो मिळेल त्या गाडीने माणसे नागपूरची वाट धरतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा दिली, त्या भूमीवर डोके टेकवल्याशिवाय आमचा दसरा होत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणारे धामणगाव नाही तर बडनेऱ्याहून रेल्वे धरतात आणि चार-चार दिवस घर बंद राहते. या तारखा आम्हाला पाठ आहेत, तशा चोरालाही पाठ आहेत.

आम्हाला याचा अनुभव आहे. एका वर्षी दीक्षाभूमीहून परतलो तो दाराचा कोयंडा उचकटलेला, कुलूप मात्र जसेच्या तसे लटकलेले! आत लोखंडी पेटी उपडी पडली होती. पोतीतले सोन्याचे मणी गेले, कापसाच्या वेचणीचे साठवलेले पैसे गेले. हळहळ वाटली, पण ते पुन्हा कमावता आले. त्याच पेटीत एका पिशवीत आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीजचा उतारा होता, मुलांचे जातीचे दाखले होते. ती पिशवी काही सापडली नाही. चोराने ती कुठल्या नाल्यात फेकली असेल कोण जाणे. त्याच्या दृष्टीने ती रद्दी होती. आमच्या दृष्टीने तो मुलाचा कॉलेजचा प्रवेश होता.

ज्या घरात जात पडताळणीचे प्रकरण झाले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. अनुसूचित जातीच्या आणि त्यातून बौद्ध झालेल्या माणसाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारतात. आपले आजे-पणजे शाळेत गेलेच थोडे. ज्यांचे नाव एखाद्या रजिस्टरात सापडले, त्यांचा उतारा मिळवायला किती खेटे घालावे लागतात! म्हणून आमचे पहिले सांगणे हेच की दागिने आणि कागद एका पेटीत कधीही ठेवू नका. चोर पेटी फोडतो ती सोन्यासाठी, आणि कागद त्याच्यासोबत फुकट जातात. कागद वेगळ्या पिशवीत, पिठाच्या डब्यामागे ठेवा, चालेल. प्रत्येक कागदाच्या दोन साक्षांकित प्रती काढून एक संच मामाकडे किंवा लेकीच्या घरी राहू द्या. मोबाईलवर डिजीलॉकर आहे, गुणपत्रिका, आधार असे बरेच कागद त्यात उतरवून घेता येतात. जुन्या उताऱ्याचा स्वच्छ फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

आता दाराचे बघू. लोक दीडशे-दोनशेचे कुलूप पाचशेचे करतात आणि कोयंडा तोच जुना ठेवतात. चोर कुलपाशी झटत बसत नाही. तो सब्बल घालून कोयंडा उपटतो, कारण कोयंडा दोन आखूड स्क्रूंवर बसवलेला असतो. गावच्या वेल्डिंगवाल्याकडून किंवा सुताराकडून कडी-कोयंड्याला आरपार नटबोल्ट मारून घ्या. बोल्टचे गोल डोके बाहेर, नट आतल्या बाजूला आणि नटाखाली लोखंडी पट्टी. खर्च थोडा येतो, पण दार उघडायला चोराला वेळ लागतो आणि आवाज होतो. या दोनच गोष्टींना तो भितो. घरकुलाचे पत्र्याचे दार असेल तर बिजागऱ्या बाहेरून दिसतात का ते पाहा. दिसत असतील तर त्यांच्या खिळ्यांना वेल्डिंगचा टाका मारून घ्या, नाहीतर कुलूप शाबूत आणि दार बाजूला, असे होते.

मागचे दार आपण विसरतो. त्याला आतून आडवा अडसर घाला. लाकडाची जाड फळी आणि भिंतीत दोन हूक, एवढे पुरते. कवेलूचे छप्पर असेल तर तिथून माणूस उतरतो, म्हणून मौल्यवान वस्तू माळ्यावर ठेवू नये. उन्हाळ्यात सगळे अंगणात किंवा गच्चीवर झोपतात, तेव्हाही खालच्या दाराला कुलूप हवेच. किल्ली चौकटीवर, उंबऱ्याजवळच्या विटेखाली किंवा चपलांच्या ढिगात ठेवू नका. या जागा सगळ्या जगाला माहीत आहेत.

कापूस विकला, सोयाबीनचे पैसे आले, बचत गटाचा हप्ता जमला, की तो त्याच दिवशी बँकेत जाऊ द्या. गटाचे पैसे एका बाईच्या घरी राहिले आणि चोरी झाली, तर पैशाबरोबर त्या बाईची अब्रूही पणाला लागते. दागिन्यांच्या पावत्या आणि फोटो ठेवा. मोबाईलवर *#०६# दाबले की जो लांब नंबर येतो तो वहीत लिहून ठेवा, फोन चोरीला गेल्यावर तोच विचारतात. आणि तरुण मुलामुलींना एक विनंती. दीक्षाभूमीवरचा सहकुटुंब फोटो जरूर टाका, पण घरी परतल्यावर टाका. 'आम्ही सगळे नागपुरात' हे गावभर कळवण्याची घाई कशाला?

मात्र एवढे सगळे केले तरी खरे कुलूप शेजारी हेच आहे. एका आळीतली सगळी घरे एकदम बंद ठेवू नयेत. विहारात आधी बसून ठरवावे. यंदा या आळीतले जातील, त्या आळीतले राखण करतील, पुढच्या वर्षी उलट. राखणाऱ्याने बंद घरांचे अंगण झाडावे, रात्री एखादा दिवा लावावा, अनोळखी माणूस दिसला तर नीट बोलून चौकशी करावी. विहारातल्या तरुणांनी रात्री दोन फेऱ्या माराव्यात. गावात पोलीस पाटील असतात, त्यांना आणि बीट जमादाराला आधी सांगून ठेवावे.

राखण हे काम आम्हाला नवे नाही. वऱ्हाडात गावाची राखण करणाऱ्याला जागल्या म्हणत. कित्येक गावांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच पूर्वजांच्या गळ्यात होते. रात्रभर जागायचे, दुसऱ्यांची कोठारे सांभाळायची आणि सकाळी शिळ्या भाकरीसाठी दारोदार उभे राहायचे. चोराचा माग लागला नाही तर जाबही त्यांनाच. मुंबई प्रांतात अशीच राबणूक महारवतनाच्या नावाने चाले. तिच्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. त्या जागल्याच्या स्वतःच्या झोपडीत चोरण्यासारखे काही नव्हते. आज आपल्या घरात आहे, ते कष्टाचे आणि शिक्षणाचे आहे. मग आपल्याच वस्तीसाठी, मानाने, पाळीपाळीने जागायला लाज कसली?

चोरी झालीच तर आत शिरून आवराआवर करू नका. हाताचे ठसे पुसले जातात. ११२ वर फोन करा. ठाण्यात नुसता अर्ज देऊन परत येऊ नका, गुन्हा नोंदवून घ्या. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. राहत्या घरातल्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. प्रथम खबरीची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, तो आपला हक्क आहे. हद्दीचे कारण सांगून ठाणे परत पाठवू शकत नाही. तरीही नोंद घेतली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवा आणि पोच जपून ठेवा. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत पोलिसांनी कळवायचे असते. गेलेल्या प्रत्येक कागदाचे नाव तक्रारीत लिहा. दुसरी प्रत काढताना त्याचाच आधार होतो.

शेवटी एक अवघड गोष्ट. आमच्या घरी चोरी झाली त्या सकाळी पहिला शब्द निघाला तो असा, "त्या पालवाल्याइचंच काम हाय." गावाबाहेर पारध्यांची पाले पडली होती. चार जण काठ्या घेऊन निघालेही. तेव्हा आमच्या आळीतली एक म्हातारी आडवी आली. "कोनं पायलं का त्याइले? पह्यले गावात चोरी झाली का आपल्याच मानसाले पकडून नेत. आता आपन तेच करावं का बाप्पा?" काठ्या खाली आल्या.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ते जोखड निघाले, पण लोकांच्या मनातून निघाले नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच भटक्या माणसांना ठेचून मारले. ते भिक्षा मागायला आलेले निरपराध लोक होते. जन्मावरून माणूस वाईट ठरवणे काय असते हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. चोर सापडला तर धरून ठेवा, पोलिसांच्या स्वाधीन करा, हात उगारू नका. ज्याच्यावर नुसता संशय आहे, त्याचे पाल जाळायला जाऊ नका.

तथागतांनी कूटदन्त सुत्तात एका राजाची गोष्ट सांगितली आहे. राज्यात चोर-दरोडेखोर माजले होते. शहाण्या पुरोहिताने राजाला सांगितले की मारून, बांधून, हद्दपार करून चोरी संपणार नाही. शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकराला पोटभर वेतन द्या. राजाने तसे केले आणि लोक दारे उघडी टाकून, लेकरांना मांडीवर खेळवत राहू लागले.

तसा दिवस आपल्या जिल्ह्यात येईपर्यंत कोयंड्याला नटबोल्ट मारून घ्या, कागद वेगळे ठेवा आणि नागपूरला निघण्यापूर्वी शेजारच्या आक्काला सांगून निघा. परतताना तिच्यासाठी विहारात लावायला बाबासाहेबांची एक नवी तसबीर आणायला विसरू नका.

जयभीम!