‘याला गळाच नाही’: सहाव्या वर्षी दिला जाणारा चुकीचा निकाल

स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की प्राथमिक शाळांमधून एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘याला गळाच नाही हो.’ कधी ते बाई म्हणतात, कधी मुलाच्या देखत त्याची आईच सांगून टाकते, ‘आमच्याकडे कुणीच गात नाही, त्याच्यात कुठून येणार?’ मग पहिली-दुसरीतलं ते पोर समूहगीताच्या मागच्या रांगेत जातं आणि त्याला बजावलं जातं, तू नुसते ओठ हलव. हीच मुलं मोठी होऊन भेटतात. चाळिशी-पन्नाशीची माणसं सांगतात की शाळेत गप्प बसवलं, तेव्हापासून गायलो नाही. घरच्या गणपतीच्या आरतीतही नुसत्या टाळ्या वाजवतो. हे ऐकून संताप होतो, कारण ज्या निकालावर त्यांनी आयुष्यभर विश्वास ठेवला, तो निकालच चुकीचा होता.

समजूत अशी आहे: सूर उपजत असतो, असला तर असतो आणि नसला तर नसतो, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाकडून दोन ओळी म्हणवून घेतल्या की ते कळतं. यातलं एकही विधान तपासणीत टिकत नाही.

आधी ‘नसतो’चं पाहू. स्वरांतला फरक मेंदूला जन्मतःच ओळखता न येणं ही अवस्था खरोखर आहे. पण ती किती जणांत? पूर्वी चार टक्के हा आकडा सांगितला जायचा. माँट्रियलच्या इझाबेल पेरेट्झ आणि डॉमिनिक व्हुव्हान यांनी हजारो लोकांच्या चाचण्यांवरून २०१७ साली तो तपासला, तेव्हा तो दीड टक्क्यावर आला. म्हणजे चाळीसच्या वर्गात असं एखादं मूल असेल किंवा नसेलही. तालमीत मात्र पाच-सात मुलं मागच्या रांगेत गेलेली असतात.

ज्यांचा सूर हलतो त्यांना तो ऐकूच येत नाही, हेही खरं नाही. पीटर फोर्ड्रेशर आणि स्टीव्हन ब्राउन यांनी २००७ साली बेसूर गाणाऱ्या प्रौढांना तपासलं. त्यांतल्या बहुतेकांचे कान ठीक होते. ऐकलेला स्वर आणि गळ्याची हालचाल यांची सांगड तेवढी जमत नव्हती. ही सांगड सरावाने बसते. त्याच वर्षी माँट्रियलमधल्याच दुसऱ्या अभ्यासात रस्त्यावरच्या सामान्य माणसांना त्यांच्या ओळखीचं गाणं म्हणायला सांगितलं होतं. बरेच जण सुरात होते, आणि नुसती लय संथ केल्यावर बहुतेकांचा सूर नेमका लागला. आपल्याकडे स्नेहसंमेलनाचं गाणं कोणत्या लयीत बसवतात, ते आठवून पाहा.

आता लहान मुलांकडे येऊ. मूल गाणं शिकतं तेव्हा आधी शब्द पकडतं, मग चालीचा चढउतार, आणि शेवटी नेमके स्वर. लंडनच्या ग्रॅहम वेल्च यांनी हा क्रम अनेक वर्षं अभ्यासला आहे. पहिलीतलं मूल शब्द चोख म्हणतं आणि चाल साधारण वरखाली नेतं, तेव्हा ते आपल्या पायरीवर बरोबर उभं असतं. इंग्लंडमध्ये २००७ ते २०११ या काळात प्राथमिक शाळांसाठी ‘सिंग अप’ नावाचा राष्ट्रीय गायन कार्यक्रम राबवला गेला. वेल्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो मुलांचं गाणं तपासलं. ज्या शाळांत नियमित गायन होत होतं, तिथली मुलं त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षं पुढे होती. सूर उपजतच ठरलेला असता, तर हा फरक आला कुठून?

याहून बोलका अभ्यास अमेरिकेतल्या स्टीव्हन डेमोरेस्ट आणि फोर्ड्रेशर यांचा, २०१५ सालचा. त्यांनी बालवाडीतली मुलं, सहावीतली मुलं आणि महाविद्यालयीन तरुण यांना सारख्याच चाचण्या दिल्या. बालवाडीपासून सहावीपर्यंत सूर चांगलाच सुधारलेला दिसला. आणि महाविद्यालयीन तरुण? तीनपैकी दोन चाचण्यांत ते बालवाडीच्या पातळीवर परतलेले. मधल्या वर्षांत बहुतेकांचं गाणं सुटतं, आणि न वापरलेली क्षमता मागे जाते. कुणाचं अक्षर गिचमिड आहे म्हणून आपण त्याला लिहायचंच थांबव असं सांगत नाही, सरावाला आणखी एक वही देतो. गाण्याच्या बाबतीत मात्र वहीच काढून घेतो.

‘पण मग टीव्हीवरची ती मुलं?’ हा प्रश्न ठरलेला. २००८-०९ मध्ये झी मराठीवरच्या ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’ने घराघरांत हा समज पक्का केला की प्रतिभा दहा वर्षांच्या आत उसळून दिसते, नाही तर नसतेच. ती मुलं गुणी होतीच, पण त्यांची घरंही बघा. विजेत्या कार्तिकी गायकवाड यांचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गायक आणि संगीतशिक्षक. आर्या आंबेकर यांच्या आई श्रुती आंबेकर शास्त्रीय गायिका. ज्या बाळाच्या कानावर पाळण्यापासून रियाज पडतो, त्याची आणि ज्याने परिपाठातल्या प्रार्थनेखेरीज कुणाला समोर गाताना पाहिलंच नाही त्याची तुलना करून, दुसऱ्याला ‘गळा नाही’ म्हणायचं, हा उघड अन्याय आहे. उलटा दाखला हवा असेल तर गावातलं भजनी मंडळ पाहा. तिथे प्रवेशपरीक्षा नसते. पोरगं टाळ घेऊन शेजारी बसतं, वर्षानुवर्षं अभंग कानावर पडतात, आणि एक दिवस ते चाल उचलून धरतं.

मग वर्गातलं ते मूल बेसूर का वाटतं? बहुतेक वेळा कारण त्याच्यात नसतं, पट्टीत असतं. सहा-सात वर्षांच्या मुलाचा गळा आरामात फिरतो तो पेटीच्या मधल्या सप्तकात साधारण पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत, म्हणजे जेमतेम पाच स्वर. आता सर काळी एकमध्ये गातात, तेही खालच्या सप्तकात. मुलांनी ते एक सप्तक वर उचलून घ्यायचं असतं, पण काही मुलं सरांच्याच आवाजाला आवाज मिळवायला जातात आणि खाली घशात गुरगुरतात. बाई काळी पाचमध्ये गातात, तेव्हा त्यांचा षड्जच मुलांच्या सोयीच्या पट्ट्याखाली जातो, आणि चाल मंद्रात उतरली की मुलांना खाली जागाच उरत नाही. शिवाय लहान मुलांना पुरुषाच्या आवाजापेक्षा बाईच्या किंवा दुसऱ्या मुलाच्या आवाजाशी सूर जुळवणं सोपं जातं, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. संमेलनासाठी मोबाइलवरून उतरवलेला ट्रॅक तर मोठ्या गायक-गायिकेच्या पट्टीत असतो आणि तार सप्तकात चढतो. जे गाणं त्या गळ्यासाठी नाही ते त्याला द्यायचं, आणि जमलं नाही की गळ्याला दोष!

दुसरं कारण आवाजाच्या जागेचं. कित्येक मुलं गाणंही बोलण्याच्याच आवाजात म्हणतात. वरचा, हलका आवाज आपल्याकडे आहे हे त्यांना ठाऊकच नसतं. अशा मुलाला ‘सा लाव’ म्हणून काही होत नाही. त्याला म्हणावं, समज तू गॅलरीत उभा आहेस, सोहम खाली खेळतोय, मार हाक. ‘सोऽऽ-हम!’ आवाज झटकन वर जातो, आणि हाक बहुधा दोन सुरांत पडते, वरून खाली. ते दोन सूर पेटीवर चाचपून शोधायचे आणि शिक्षकाने त्याच सुरांत त्याला त्याच्या नावाने हाक मारायची. मूल परत हाक देतं. दोघं एका सुरात असतात, आणि त्याला ‘सुरात ये’ असं कुणी म्हटलेलंही नसतं. पहिल्यांदा सूर मोठ्या माणसाने मुलाच्या जागी जाऊन मिळवायचा असतो. मूल आपल्या जागी येईल म्हणून वाट पाहत बसायचं नसतं. एकदा जुळल्याची जाणीव कानाला झाली की मग अर्धा सूर वर, अर्धा खाली, असं हळूहळू सरकवता येतं. हंगेरीत झोल्टान कोडाय यांच्या विचारांवर १९५० मध्ये केचकेमेट गावी रोज गायन असणारी प्राथमिक शाळा सुरू झाली. त्या पद्धतीची सुरुवातही हाकेतल्या या दोन सुरांपासूनच होते. आपल्याकडे त्यासाठी लागणारी सामग्री पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे. बडबडगीतं, भोंडल्याची गाणी, खेळातली गाणी तीन-चार-पाच सुरांत फिरतात आणि मुलांच्या गळ्यात अलगद बसतात.

हे सगळं करूनही एखाद्या मुलाला चढउतार कळत नसेल, तर आधी कान तपासून घ्यावेत. सर्दीमागून कानाच्या पडद्याआड साचलेलं पाणी या वयात नेहमीचं आहे, आणि त्याने ऐकू कमी येतं. तिथे संगीतशिक्षकाचं नाही, डॉक्टरांचं काम असतं.

आता दुसऱ्या टोकाचा गैरसमज. ‘गाण्याने बुद्धी वाढते, गणित सुधारतं.’ क्लासच्या जाहिरातींत हे सर्रास छापलेलं असतं, आणि गाण्याची बाजू घेणारी माणसंही ते उचलून धरतात. उगम १९९३ चा. ‘नेचर’ नियतकालिकात एक छोटा लेख आला: छत्तीस महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी दहा मिनिटं मोझार्ट ऐकल्यावर आकृत्यांच्या एका चाचणीत त्यांचे गुण वाढले, आणि तो परिणाम पंधरा मिनिटांच्या आत ओसरला. लहान मुलं त्यात नव्हतीच, गाणं शिकणंही नव्हतं. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची ध्वनिफीत द्यायला सरकारी पैसे मागितले. पुढे व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली सगळे प्रयोग एकत्र मांडले, तेव्हा मोझार्टच्या नावाचं खास काही उरलं नाही. संगीत शिकण्याबद्दल म्हणाल तर जोव्हानी साला आणि फर्नांड गोबे यांनी २०२० मध्ये मुलांवरचे चोपन्न अभ्यास तपासले. जितका अभ्यास काटेकोर, तितका बुद्धीवरचा परिणाम शून्याजवळ, असं त्यांना दिसलं. गाणं शिकवायचं ते मुलाला गाता यावं, ऐकता यावं, चार जणांत मिळून काही उभं करता यावं म्हणून. चित्रकलेने भूमिती सुधारते का, असं आपण कधी विचारत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘मोठ्याने म्हणा, म्हणजे छान वाटेल.’ ओरडून सूर खात्रीने बिघडतो, आणि सतत ओरडणाऱ्या मुलांच्या स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात.

‘पेटीशिवाय गाणं शिकवता येत नाही.’ टाळी, चुटकी आणि शिक्षकाचा आवाज सुरुवातीला पुरतो. सतत पेटीची साथ दिली तर मूल पेटीच्या मागे चालतं, स्वतःच्या आवाजाकडे त्याचं लक्ष जात नाही.

‘पाचव्या वर्षी सुरू केलं नाही तर उशीर झाला.’ लवकर सुरुवात लागते ती ऐकल्याबरोबर स्वराची नेमकी पट्टी ओळखण्याच्या दुर्मीळ क्षमतेसाठी. आपल्या संगीतात षड्ज हलता आहे. त्या क्षमतेवाचून आपलं काहीच अडत नाही.

‘आधी परीक्षांना बसवा.’ गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा ज्याला गाण्याची गोडी लागली आहे त्याच्यासाठी उत्तम. पहिलीतल्या मुलाला रागाचे आरोह-अवरोह पाठ करायला लावणं म्हणजे गोडी लागण्याआधीच परीक्षा घेणं.

‘गाणं अभ्यासाचा वेळ खातं, तो अवांतर विषय आहे.’ राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने अभ्यासक्रम आणि अवांतर ही भिंतच नको, असं स्पष्ट म्हटलं आहे. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पाठ्यपुस्तकात कलेला जागा आहे. अडतं ते वेळापत्रकात. संगीताचा तास असतो, आणि परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो.

‘शाळेत संगीतशिक्षक नाही, मग कोण शिकवणार?’ हा गैरसमज मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण त्यामुळे जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळांतली मुलं गाण्यातून कायमची वगळली जातात. पहिली ते चौथीसाठी संगीत विशारद लागत नाही. ज्या बाईंना आपल्या आवाजाबद्दल संकोच वाटतो, त्यांनाही उद्याच्या परिपाठात हे करता येईल. प्रार्थना एरवीपेक्षा थोडी वर आणि बरीच संथ सुरू करावी. एक ओळ आपण म्हणावी, गप्प राहून मुलांची ऐकावी, आणि त्यांच्याबरोबर गाऊ नये, म्हणजे त्यांचा आवाज त्यांना ऐकू येतो. हजेरी घेताना नाव दोन सुरांत पुकारावं आणि ‘हजर’ त्याच दोन सुरांत मागावं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाक मारायचं काम एखाद्या मुलीकडे द्यावं, कारण मुलांचा सूर मुलांना लवकर सापडतो. राष्ट्रगीताचा पल्ला एका सप्तकाच्या आसपास आहे, ते पहिलीच्या मुलांना पूर्ण सुरात येणार नाही. तिथे शब्द आणि लय नीट आली की त्या वर्षापुरतं पुष्कळ झालं.