प्रवेश-अर्जावरील छायाचित्र आणि जो स्पेन्स

आमच्या शाळेच्या प्रवेश-अर्जाच्या कोपऱ्यात विद्यार्थ्याचे छायाचित्र चिकटवलेले असते. कित्येकांच्या बालपणाचे तेवढे एकच छायाचित्र असते. तालुक्याच्या स्टुडिओत घाईने काढलेले, केस चोपून बसवलेले, चेहरा ताठ. या स्मरणिकेसाठी जुने अर्ज चाळताना आम्हांस ब्रिटिश छायाचित्रकार जो स्पेन्स (१९३४–१९९२) यांचे स्मरण झाले.

स्पेन्स यांचा जन्म लंडनच्या कामगार कुटुंबातला. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने १ सप्टेंबर १९३९ पासून अवघ्या काही दिवसांत ब्रिटिश शहरांतून सुमारे १५ लाख लोक अन्यत्र हलविले गेले. त्यांत बहुतांश मुलेच होती. कोटाला नावाची चिठ्ठी अडकवलेली आणि पुढे अनोळखी घर! त्या युद्धकाळात अशा रीतीने घरापासून दूर पाठविलेल्या मुलांत स्पेन्सही होत्या. इतिहासाच्या तासाला हा प्रसंग आम्ही वर्षानुवर्षे एका वाक्यात आटोपला, हे येथे कबूल केले पाहिजे.

पुढे त्या स्टुडिओत लोकांची आणि लग्नांची छायाचित्रे काढू लागल्या. कुटुंबाच्या आल्बमात लग्न, सहल, सण येतात. आजार, भांडण, राबणे आणि ताटातूट येत नाही, हे त्यांनी हेरले. १९७९ साली लंडनच्या हेवर्ड गॅलरीत त्यांनी स्वतःचाच आल्बम उलगडून मांडला. साडेआठ महिन्यांच्या वयातले आपले उघडे छायाचित्र आणि त्याच पद्धतीने ४४ वर्षांनी काढलेले दुसरे, अशी जोडी त्यात होती.

१९८२ साली त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. रुग्णालयात जाण्यापूर्वी त्यांनी स्तनावर, हा जो स्पेन्सच्या मालकीचा आहे काय, असा प्रश्न लिहून छायाचित्र काढविले. कोटावरची ती चिठ्ठी आम्हांस येथे आठवते. तेव्हा नाव दुसऱ्याने अडकवले होते. आता त्यांनी स्वतः लिहिले, आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवले.

यानंतर रोझी मार्टिन यांच्यासह त्यांनी छायाचित्र-उपचाराची पद्धत घडविली. दोघींपैकी एक कॅमेऱ्यासमोर बसे, दुसरी कॅमेरा धरी. मग जागा बदलत. आधी पुष्कळ बोलणे होई. पोशाख, वस्तू, क्षण ठरविण्याचा अधिकार समोर बसणारीचा. छायाचित्रे हाती आल्यावर पुन्हा बोलणे. स्पेन्स यांनी आईचा, कारखान्यातल्या कामगार स्त्रीचा वेष चढविला आणि आईच्या जागी उभे राहून आईला पाहिले. कामगार घराची वाटणारी लाज हा त्यांचा मोठा विषय होता. त्या लाजेची ओळख आमच्या पिढीला वेगळी करून द्यावी लागत नाही.

मोबाइलवर हसून काढलेली सेल्फी म्हणजे हे नव्हे. येथे समोर विश्वासाचा माणूस लागतो, आणि थांबा म्हणण्याची मुभा लागते. दुःख ताजे असलेल्या मुलावर शिक्षकाने हा प्रयोग हौसेने करू नये. तेथे जाणकार समुपदेशकच हवा.

माजी विद्यार्थ्यांची गोष्ट निराळी. आपापल्या प्रवेश-अर्जावरील छायाचित्राची प्रत कार्यालयातून मागून घ्यावी. स्नेहमेळाव्याच्या दिवशी, त्या काळी शेजारच्या पथारीवर झोपणाऱ्या मित्राच्या वा मैत्रिणीच्या हाती कॅमेरा द्यावा. कोठे उभे राहायचे, हसायचे की नाही, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावे.